36,049 धावा, पण कसोटी एकही नाही: कौंटीतील सलामीवीराची कारकीर्द कशी वाचावी

इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमध्ये, म्हणजे तिथल्या परगण्यांच्या संघांमधल्या स्पर्धेत, 1957 ते 1983 या काळात खेळलेले ग्लॅमॉर्गनचे डावखुरे सलामीवीर ॲलन जोन्स प्रथम श्रेणी सामन्यांत 1,168 वेळा फलंदाजीला उतरले, त्यांपैकी 1,096 वेळा बाद होऊन परतले आणि या सगळ्या येण्याजाण्यात त्यांनी 36,049 धावा जमवल्या. अधिकृत कसोटी सामना एकदाही न खेळलेल्या कोणत्याही फलंदाजाच्या नावावर प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये याहून अधिक धावा नाहीत. हा उल्लेख वाचताच आपल्याकडच्या वाचकाला रणजीत ढिगाने धावा करूनही कसोटी न खेळलेला मुंबईचा अमोल मुझुमदार आठवतो, आणि ते साहजिकच आहे. पण कौंटीतल्या सलामीवीराचे आयुष्य रणजीतल्या फलंदाजापेक्षा इतके वेगळे असे की, जोन्स यांच्या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी आधी ते आयुष्य समजून घ्यावे लागते. वरवर पाहिले तर त्यांची 32.89 ही सरासरी सामान्यच वाटते. ती सामान्य का नव्हती, हेच या लेखात उलगडायचे आहे.

जोन्स खेळू लागले तेव्हा कौंटी स्पर्धेत सतरा संघ होते. अठरावा संघ डरहॅम हा थेट 1992 मध्ये आला. ग्लॅमॉर्गन हा त्यांतला वेल्समधला एकमेव संघ, 1921 पासून स्पर्धेत असलेला आणि इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये नेहमीच थोडासा कडेला उभा असलेला. सामने तीन दिवसांचे असत. एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्याचा ठरलेला क्रम असे: शनिवार, सोमवार, मंगळवार एक सामना आणि बुधवार, गुरुवार, शुक्रवार दुसरा. 1960 च्या दशकात एका संघाच्या वाट्याला मोसमात 28 किंवा 32 चॅम्पियनशिप सामने येत, म्हणजे खेळाडू आठवड्याचे सहा दिवस मैदानावर असे आणि मंगळवारी संध्याकाळी सामना संपला की सामान गाडीत टाकून रात्रीतून दुसऱ्या कौंटीच्या गावी पोहोचत असे. मोकळा उरलेला रविवारही 1969 मध्ये चाळीस षटकांच्या संडे लीगने घेतला. भारतात त्या काळात रणजीचा खेळाडू हिवाळ्यात मोजके सामने खेळून बँकेतल्या किंवा रेल्वेतल्या नोकरीवर परतत असे. कौंटीतल्या खेळाडूसाठी क्रिकेट हीच नोकरी होती, आणि तीही हंगामी.

या नोकरीला सामाजिक पायरीही होती. 1962 चा मोसम संपेपर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूंची 'हौशी' आणि 'व्यावसायिक' अशी उघड विभागणी होती, कित्येक मैदानांवर दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत आणि धावफलकावर हौशी खेळाडूच्या नावाआधी आद्याक्षरे तर व्यावसायिकाच्या नावानंतर आद्याक्षरे छापली जात. जोन्स व्यावसायिक. स्वान्सीजवळच्या वेलिंद्रे या गावातला हा मुलगा अठराव्या वर्षी संघात आला तेव्हा कर्णधार होते विल्फ वूलर, हौशी परंपरेतले आणि दरारा असलेले गृहस्थ. भाऊ आयफियन जोन्स हेही पुढे ग्लॅमॉर्गनचे यष्टिरक्षक झाले. खेळाडू दर्जेदार ठरला की कौंटी त्याला 'कॅप' देत असे, आणि ही टोपी केवळ मानाची नव्हती: टोपी मिळाली की पगार वाढे आणि संघातली जागा बऱ्यापैकी पक्की होई.

आता सलामीवीराच्या प्रत्यक्ष कामाकडे येऊ. इंग्लंडमध्ये वापरला जाणारा ड्यूक्सचा चेंडू हाताने शिवलेला असतो, त्याची शिवण उंच असते आणि ती बराच वेळ टिकते. चेंडू नवा असताना गोलंदाज शिवण किंचित तिरकी ठेवून टाकतो, तेव्हा शिवणीच्या बाजूची हवा खवळते आणि चेंडूच्या पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहते, तर गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटून जाते. या असमतोलामुळे चेंडू हवेतच शिवणीच्या रोखाने वळतो. त्याला आपण स्विंग म्हणतो. दुसरी अडचण जमिनीवरची. एप्रिल-मे महिन्यांत इंग्लंडमधली खेळपट्टी ओलसर आणि गवताळ असते, त्यामुळे टप्प्यावर शिवण जमिनीत रुतते आणि चेंडू कधी आत, कधी बाहेर जातो. कोणत्या बाजूला जाईल हे अनेकदा गोलंदाजालाही ठाऊक नसते. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येणाऱ्या फलंदाजाला हा चेंडू जुना, मऊ आणि थोडा शहाणा झालेला मिळतो. सलामीवीराला तो कोरा मिळतो, ताज्या दमाच्या गोलंदाजाच्या हातून, आणि मागे यष्टिरक्षकाशेजारी, स्लिपमध्ये, तीन-चार क्षेत्ररक्षक हात पसरून उभे असतात.

म्हणूनच सलामीवीराचे पहिले कौशल्य फटका मारण्याचे नसून चेंडू सोडण्याचे असते. आपला ऑफ स्टंप, म्हणजे बॅटच्या बाजूची बाहेरची यष्टी, नेमका कुठे आहे हे पायांना आणि डोळ्यांना कळलेले असले पाहिजे, म्हणजे चार बोटे बाहेरचा चेंडू बॅट उचलून जाऊ देता येतो आणि दोन बोटे बाहेरचा खेळता येतो. आपल्याकडे सुनील गावसकर यांच्या सोडलेल्या चेंडूंचे कौतुक करणारी एक पिढी होती. त्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. डावखुऱ्याचे गणित त्यात आणखी अवघड, कारण उजव्या हाताचा गोलंदाज यष्टींवरून टाकतो तेव्हा त्याचा चेंडू मुळातच तिरपा, डावखुऱ्यापासून दूर जाणाऱ्या कोनात येतो. उजव्या फलंदाजासाठी आत येणारा स्विंग डावखुऱ्यासाठी बाहेर जाणारा ठरतो, आणि कड घेऊन यष्टिरक्षकाकडे जायला एवढे पुरेसे असते. प्रत्येक मोसमात चाळीसेक वेळा हीच परीक्षा देत जोन्स यांनी 1961 ते 1983 असे सलग 23 मोसम हजाराच्या वर धावा केल्या. त्यांच्या सगळ्या आकड्यांत मला हा आकडा सर्वांत मोठा वाटतो. शतके 56, म्हणजे साधारण एकवीस डावांत एक. मधल्या वीस डावांचे काय, हे हा 23 मोसमांचा आकडा सांगतो.

सरासरीचा प्रश्न मात्र उरतोच, कारण 45 किंवा 50 च्या सरासरीला सरावलेल्या आजच्या वाचकाला 32.89 फिकी वाटते. याचे उत्तर मुख्यतः खेळपट्ट्यांत आहे. जोन्स यांच्या कारकिर्दीच्या बहुतेक काळात कौंटी सामन्यांतली खेळपट्टी सामना सुरू झाल्यावर पूर्णपणे झाकली जात नसे. पाऊस पडला की पाणी आत मुरे, मग ऊन पडले की वरचा थर कडक होऊ लागे आणि खालचा मऊ राही. अशा खेळपट्टीवर एकाच टप्प्यावरचे दोन चेंडू एक छातीपर्यंत आणि एक घोट्यापर्यंत येऊ शकतो. तंत्र कितीही शुद्ध असले तरी तिथे तीस धावा म्हणजे कोरड्या खेळपट्टीवरच्या सत्तर-ऐंशी. स्वान्सीच्या समुद्राकाठच्या सेंट हेलेन्स मैदानावर तर फिरकी गोलंदाजांना चांगलीच मदत मिळे, म्हणजे नव्या चेंडूपासून वाचलेल्या सलामीवीराची सुटका तिथेही होत नसे. शिवाय सामना तीनच दिवसांचा असल्यामुळे निकाल लावण्यासाठी कर्णधार डाव घोषित करत, तिसऱ्या दुपारी घड्याळाशी स्पर्धा करत धावा काढाव्या लागत, आणि 1968 पासून पहिल्या डावातल्या ठरावीक षटकांत वेगाने धावा केल्यास जादा गुण मिळू लागले. अशा वेळी आपली सरासरी सांभाळत नाबाद राहणारा सलामीवीर संघाच्या कामाचा नसतो. जोन्स 1,168 डावांत फक्त 72 वेळा नाबाद राहिले, हेही त्या संदर्भात वाचायला हवे.

1968 मध्ये आणखी एक नियम बदलला आणि सलामीवीरांचे आयुष्य कायमचे पालटले. तोपर्यंत परदेशी खेळाडूला कौंटीकडून खेळण्याआधी तिथे काही काळ वास्तव्य करावे लागे. त्या वर्षापासून प्रत्येक कौंटीला एक परदेशी खेळाडू थेट घेता येऊ लागला. नॉटिंगहॅमशरने गॅरी सोबर्स यांना घेतले, ग्लॅमॉर्गनने पाकिस्तानचे माजिद खान यांना, ग्लॉस्टरशरने दक्षिण आफ्रिकेचे माइक प्रॉक्टर यांना. पुढच्या दहा-बारा वर्षांत वेगवान गोलंदाजांची रांगच लागली: हॅम्पशरकडे अँडी रॉबर्ट्स आणि नंतर माल्कम मार्शल, सॉमरसेटकडे जोएल गार्नर, मिडलसेक्सकडे वेन डॅनियल, सरेकडे सिल्व्हेस्टर क्लार्क, नॉटिंगहॅमशरकडे रिचर्ड हॅडली. कसोटी सलामीवीराला यांतला एखादा गोलंदाज एका मालिकेत भेटे. कौंटीतल्या सलामीवीराला एक आज, दुसरा परवा आणि तिसरा पुढच्या शनिवारी भेटत असे, आणि हेल्मेट प्रचारात आले ते 1970 च्या दशकाच्या शेवटी. ज्यांनी सुरुवातीला ट्रूमन-स्टॅथम या इंग्लंडच्या वेगवान गोलंदाजांच्या जमान्यात डाव उघडला, तेच जोन्स चाळिशी उलटल्यावर या तोफखान्यासमोर उभे होते. 1980 मध्ये हॅम्पशरविरुद्ध बेसिंगस्टोक येथे त्यांनी नाबाद 204 धावा काढल्या. ती त्यांची सर्वोच्च धावसंख्या, आणि ती त्यांनी वयाच्या 41 व्या वर्षी नोंदवली.

पैशांचे काय, असा प्रश्न इथे विचारायलाच हवा, कारण इतकी वर्षे टिकून राहण्यामागे हेही एक कारण असते. कौंटीचा करार बहुधा उन्हाळ्यापुरता असे आणि हिवाळ्यात खेळाडू काहीतरी दुसरे काम शोधत. या असुरक्षिततेवरचा इलाज म्हणजे 'बेनिफिट'. टोपी मिळून दहाएक वर्षे झालेल्या निष्ठावान खेळाडूला कौंटी एक मोसम बहाल करत असे, ज्यात एका सामन्याच्या तिकिटांचे पैसे, वर्गणी, जेवणावळी आणि गावोगावच्या प्रदर्शनीय सामन्यांची कमाई त्याला मिळे. केंटचे फलंदाज जेम्स सीमूर यांच्या प्रकरणात 1927 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने असा निर्णय दिला की ही रक्कम पगार नसून लोकांनी प्रेमाने दिलेली भेट आहे आणि म्हणून तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही. या एका निकालाने पुढे अनेक दशके कौंटी खेळाडूंचे घर चालवले असे म्हटले तरी चालेल. त्याची दुसरी बाजू अशी की, दहा वर्षांनी मिळणाऱ्या या रकमेच्या आशेवर खेळाडू कमी पगारात एकाच कौंटीला बांधून राहत. कौंटीने दाखवलेली ही माया हिशेबी होती.

ग्लॅमॉर्गनच्या वाट्याला 1969 मध्ये मोठा आनंद आला. टोनी लुईस यांच्या नेतृत्वाखाली संघाने 24 पैकी 11 सामने जिंकले, 13 अनिर्णित राखले आणि एकही न हरता चॅम्पियनशिप मिळवली. विजेतेपद निश्चित झाले ते कार्डिफला वूस्टरशरविरुद्ध; माजिद खान यांनी कठीण खेळपट्टीवर 156 धावा केल्या आणि ऑफ कटर टाकणारे डॉन शेपर्ड यांनी आपला दोन हजारावा बळी त्याच सामन्यात घेतला. शेपर्ड यांचीही गंमत पाहा, गंमत म्हणायची तर: 2,218 बळी घेऊन कसोटी न खेळलेल्या गोलंदाजांत ते पहिले आहेत. सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक बळी, दोन्ही बाबतींत कसोटीपासून वंचित राहिलेले खेळाडू एकाच संघात, एकाच काळात खेळत होते. मुंबईच्या वाचकाला इथे कसोटी न खेळलेले फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर आणि अमोल मुझुमदार ही जोडी आठवेल, फक्त त्यांचे काळ वेगळे होते आणि त्यांच्या वाटेत आडव्या आलेल्या माणसांची नावे निदान सांगता येतात.

जोन्स यांच्या वाटेत मात्र एक विचित्र प्रकरण आडवे आले. 1970 च्या उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडला येणार होता. वर्णद्वेषी राजवटीविरुद्धच्या आंदोलनामुळे तो दौरा मे महिन्यात रद्द झाला आणि घाईघाईने 'शेष विश्व' संघाबरोबर पाच सामने ठरवण्यात आले. त्या वेळी हे सामने कसोटी म्हणूनच जाहीर झाले. लॉर्ड्सवरच्या पहिल्या सामन्यासाठी जोन्स यांची निवड झाली आणि त्यांना इंग्लंडची टोपी मिळाली. समोरच्या संघात बॅरी रिचर्ड्स, रोहन कन्हाय, ग्रॅम पोलॉक, क्लाइव्ह लॉइड, लान्स गिब्ज, कर्णधार सोबर्स आणि यष्टींमागे मुंबईचे फारुख इंजिनीअर होते. इतका बलाढ्य संघ पुढे क्वचितच एकत्र आला असेल. जोन्स यांनी 5 आणि 0 धावा केल्या, आणि दोन्ही वेळा त्यांना बाद केले प्रॉक्टर यांनी, ज्यांचा आत येणारा वेगवान स्विंग डावखुऱ्यासाठी नेमका बाहेर जाणारा होता. सोबर्स यांनी पहिल्या डावात 21 धावांत 6 बळी घेतले आणि मग 183 धावा ठोकल्या; इंग्लंड डावाने हरले. जोन्स यांना पुन्हा बोलावणे आले नाही. त्याच सामन्यात पदार्पण करणारे दुसरे सलामीवीर, केंटचे ब्रायन लकहर्स्ट, संघात टिकले, त्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाला गेले आणि एकूण 21 कसोटी खेळले.

पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर असा निर्णय झाला की कसोटी दोन देशांच्या संघांतच होऊ शकते, त्यामुळे ते पाचही सामने कसोटीच्या यादीतून वगळले गेले. लकहर्स्ट यांना त्याने फारसा फरक पडला नाही. जोन्स यांची मात्र एकुलती एक कसोटी अस्तित्वातून पुसली गेली आणि ते 'कसोटी न खेळलेले' ठरले.

त्यांना दुसरी संधी का मिळाली नाही, याचे एकच कारण सांगता येणार नाही. 1960 च्या दशकात इंग्लंडकडे जेफ्री बॉयकॉट आणि जॉन एड्रिच होते, नंतर लकहर्स्ट आणि डेनिस ॲमिस आले. रांग खरोखरच लांब होती. वेल्समध्ये मात्र लॉर्ड्सवरच्या निवड समितीची नजर सेव्हर्न नदीच्या पलीकडे, म्हणजे वेल्सपर्यंत, जात नाही अशी तक्रार जुनी होती. टोनी लुईस यांनी 1972-73 च्या भारत दौऱ्यावर, आपल्या पहिल्याच कसोटीत, इंग्लंडचे नेतृत्व केले, त्यामुळे ही तक्रार सरसकट खरी मानता येत नाही. पण ग्लॅमॉर्गनचा कर्णधार इंग्लंडचा कर्णधार झालेल्या त्या दौऱ्यावरही ग्लॅमॉर्गनच्या सलामीवीराला जागा नव्हती. माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. निवड समितीच्या डोळ्यांत भरते ते एखाद्या मोसमातले शिखर. जोन्स यांच्या खेळात शिखरे कमी होती, पठार मात्र विलक्षण उंच आणि लांब होते. विस्डेन या क्रिकेटच्या प्रतिष्ठित वार्षिकाने वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंमध्ये त्यांची निवड केली ती 1978 मध्ये, पदार्पणानंतर एकवीस वर्षांनी. त्या सुमारास ते ग्लॅमॉर्गनचे कर्णधार होते आणि संघ 1977 च्या जिलेट कप या मर्यादित षटकांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता.

आपल्याकडच्या खेळाडूंनी ही चाकरी थोडी थोडी अनुभवली आहे. व्हिव्ह रिचर्ड्स वेस्ट इंडिजबरोबर दौऱ्यावर असल्यामुळे 1980 चा मोसम गावसकर सॉमरसेटकडून खेळले. म्हणजे जोन्स बेसिंगस्टोकला द्विशतक काढत होते त्याच उन्हाळ्यात गावसकरही इंग्लंडमध्ये नवा चेंडू खेळत होते. अजिंक्य रहाणे यांनी 2019 मध्ये हॅम्पशरकडून पहिल्याच सामन्यात शतक केले. ग्लॅमॉर्गनशी मुंबईचे नाते जोडले ते रवी शास्त्री यांनी, 1987 ते 1991 या काळात. सोबर्स यांनी 1968 मध्ये स्वान्सीला एका षटकात सहा षटकार मारले ते ग्लॅमॉर्गनच्याच माल्कम नॅश यांना, आणि त्या पराक्रमाची प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये बरोबरी करणारे पहिले फलंदाज होते 1985 मध्ये वानखेडेवर खेळणारे शास्त्री. पुढे तेच ग्लॅमॉर्गनच्या संघात आले, याला काय म्हणावे!

जोन्स यांचा विक्रम मोडला जाईल का, हे पाहायला फार मोठे गणित लागत नाही. आता अठरा कौंट्या दोन गटांत विभागलेल्या आहेत आणि प्रत्येक संघाला चॅम्पियनशिपचे 14 सामने मिळतात, तेही चार दिवसांचे. त्यांतले बरेचसे एप्रिल-मे आणि सप्टेंबरमध्ये, कारण मधला कोरडा, उबदार काळ मर्यादित षटकांच्या स्पर्धांना दिलेला आहे. म्हणजे सलामीवीराला वर्षाला फार तर पंचवीस डाव, आणि तेही चेंडू सर्वांत जास्त वळतो त्या महिन्यांत. इतक्या डावांत हजार धावा करणे ही आज वर्तमानपत्रात बातमी होण्याजोगी गोष्ट आहे. दर मोसमात न चुकता हजार धावा केल्या तरी 36,049 पर्यंत पोहोचायला छत्तीस वर्षांहून अधिक काळ लागेल.

जून 2020 मध्ये, त्या लॉर्ड्सच्या सामन्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने 81 वर्षांच्या जोन्स यांना 696 क्रमांकाची, म्हणजे इंग्लंडच्या खेळाडूंना क्रमाने दिल्या जाणाऱ्या क्रमांकांतली, टोपी सन्मानपूर्वक दिली. सामन्याचा दर्जा मात्र बदलला नाही. कसोटीच्या नोंदींत तो अजूनही नाही आणि प्रथम श्रेणीच्या नोंदींत आहे, त्यामुळे 'कसोटी न खेळता सर्वाधिक धावा' हा विक्रम जोन्स यांच्याच नावावर राहिला आहे. प्रॉक्टर यांनी बाद केलेले ते दोन्ही डाव 1,168 मध्ये मोजलेले आहेत आणि लॉर्ड्सवर काढलेल्या त्या पाच धावा 36,049 मध्ये.